शब्दचर्चा: 'इंडिजिनस', 'अनसीडेड', 'कॉन्टेस्टेड हिस्टरी' यांना मराठीत काय म्हणावे?

सात रस्ता: आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, थिसिस चालू आहे. विद्यापीठाच्या आवारातली इमारत तिथल्या मूळ लोकांशी आणि वादातल्या इतिहासाशी कशी वागते, हा विषय. उदाहरणं बाहेरची: कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाचं लाँगहाउसच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या लांबट सामाईक घराच्या, घडणीचं फर्स्ट पीपल्स हाउस (2009), ऑकलंड विद्यापीठातलं माओरी लोकांचं सभास्थान, वाइपापा मराए (1988). साइट मात्र आपल्याच सोलापुरातली, इंग्रजांच्या काळात 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे तारेच्या आत ठेवलं त्या सेटलमेंटजवळची. मराठी गोषवाऱ्यात सध्या 'आदिवासी', 'असमर्पित' आणि 'वादग्रस्त इतिहास' लिहिलंय. वाचताना खटकतंय.

बाळीवेस: 'असमर्पित' आधी काढा. समर्पण देवाला करतात. व्हँकुव्हरचं ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ मस्क्विअम लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्यांनी ती कुठल्याच तहात दिलेली नाही, एवढंच 'अनसीडेड' हा शब्द सांगतो. आपल्याकडे 'जमीन लिहून दिली' असं म्हणतात, ते घ्या. 'लिहून न दिलेली जमीन'. रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर बसलेल्या कुणालाही कळेल.

होटगी रोड: सरळ 'बळकावलेली' म्हणा की ओ. इतकं सोवळं कशाला?

बाळीवेस: बळकावलेली म्हटलं की घेणाऱ्याचा गुन्हा तेवढा कळतो. मूळ मालकाचा हक्क अजून शाबूत आहे, हे त्यात येत नाही. हां, लिहून देणं माणसामाणसांत होतं आणि इथे प्रश्न दोन राष्ट्रांचा आहे. म्हणून पहिल्यांदा 'तहाने न दिलेली' लिहा, पुढे 'लिहून न दिलेली' चालेल.

होटगी रोड: पटलं. आता 'आदिवासी'. कॅनडा-न्यूझीलंडपुरता चालेल, पण सेटलमेंटला लावलात तर घोळ होईल. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, कैकाडी आपल्याकडे विमुक्त जातीत आणि विदर्भात अनुसूचित जातीत. एका शब्दात तीन दाखले कोंबताय तुम्ही. 'मूलनिवासी'ला आपल्याकडे चळवळीचा अर्थ चिकटलाय, 'भूमिपुत्र' नोकरभरतीच्या भाषणातला. मी असतो तर बाहेरच्यांसाठी 'तिथले मूळ लोक' आणि इथल्यांसाठी 'विमुक्त' लिहिलं असतं.

सात रस्ता: आणि सेटलमेंटला 'वसाहत' लिहिलं तर?

बाळीवेस: इथेच गंमत आहे, आणि ती चांगली नाही. कॅनडात बाहेरून येऊन जमीन घेणाऱ्यांना तुम्ही 'वसाहतकार' म्हणणार. इथे गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवून तारेच्या आत कोंडलं, तेही 'वसाहती'तले. कोंडणारे आणि कोंडलेले एकाच शब्दात! शिवाय पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत रोज कानावर पडतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला क्वार्टर्स दिसतील, कुंपण दिसणार नाही. 'सेटलमेंट' असंच ठेवा. सोलापुरात तो मराठी शब्दच आहे.

जुनी मिल: आजोबा आमचे तारेच्या आतले, म्हणून बोलतो. हजेरी, पास, मिलची पाळी, हे शब्द घरात ऐकले. 'वसाहत' कुणीच म्हणायचं नाही. फ्री कॉलनीचंही तसंच. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, घरं फुकट मिळाली का? फ्री म्हणजे तारेच्या बाहेर राहायची मुभा मिळालेले. गोषवाऱ्यात 'मुक्त वसाहत' असलं काही करू नका ताई.

सात रस्ता: नाही करत, काका. 'वादग्रस्त'चं काय?

जुनी मिल: वाद कोणाशी? आमच्यात तर वाद नाही. कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पेपरात वादग्रस्त विधान असतं, वादग्रस्त जागा असते. आजोबांना काय म्हणून वादग्रस्त करता?

बाळीवेस: काकांचा मुद्दा व्याकरणातही बसतो. 'ग्रस्त' लागलं की दोष त्या वस्तूला चिकटतो: रोगग्रस्त, कर्जग्रस्त. इंग्रजी शब्दात दोन बाजू एकच घटना वेगळी सांगतात, एवढंच आहे. 'दुमत असलेला इतिहास' चालेल. सेटलमेंटबद्दल मात्र दुमतही नाही, गावाने त्यावर बोलणं टाळलं आहे. तिथे 'न सांगितलेला' लिहा. दोन ठिकाणी दोन शब्द आले तर बिघडत नाही.

सात रस्ता: हे लागू पडतंय. अजून एक. दर्शनी भिंतीवर गंजलेल्या लोखंडात काटेरी तारेचं मोटिफ काढलंय. गोषवाऱ्यात त्याला 'स्मृतिचिन्ह' म्हणू का?

जुनी मिल: म्हणू नका आणि काढूही नका. कॉलेजला येणाऱ्या आमच्या पोरींनी रोज तार बघायची? त्यापेक्षा एक खोली काढा. जातीच्या दाखल्याला 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. ज्या रजिस्टरांत गुन्हेगार म्हणून नाव चढवलं, तीच आता पोरांना दाखल्यासाठी लागतात, आणि हेलपाटे घालून चपला झिजतात.

होटगी रोड: काकांनी सांगितलं तसंच बाहेर झालंय. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2018 मध्ये निवासी शाळांच्या इतिहासाचं केंद्र उघडलं. मूळ लोकांच्या मुलांना घरापासून तोडून ज्या शाळांत घातलं, त्या शाळा. इमारतीला तांब्याचं छत आहे, त्याचं पाणी काचेवरून ओघळतं, फोटो त्याचेच फिरतात. पण तिथल्या माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना स्वतःच्या नोंदी बघता याव्यात, हे त्या केंद्राचं मुख्य काम. वास्तुविशारद आल्फ्रेड वॉ, तेही मूळ लोकांपैकी.

सात रस्ता: प्लॅनमध्ये तळमजल्यावर जागा निघेल. खोलीला 'अभिलेखागार' लिहू?

जुनी मिल: 'दप्तरखाना' लिहा. आणि दार रस्त्याच्या बाजूने द्या, गेटवर वॉचमनकडे नाव लिहायला लावू नका.