श्वार्त्सवुर्त्सलला फाटे फुटतात, काढताना तुटतं. काय चुकतंय?

बागेतली_माती: श्टुटगार्टजवळ छोटी बाग आहे, जमीन भारी, चिकणमातीची. गेल्या एप्रिलमध्ये श्वार्त्सवुर्त्सल पेरलं (काळ्या सालीचं, आतून पांढरंशुभ्र मूळ). बी दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटातलं, जेमतेम एक तृतीयांश उगवलं. पेरणीआधी वाफ्यात शेणखत घातलं होतं. जुलैत काही झाडांना पिवळी फुलं आली. नोव्हेंबरमध्ये खणलं तर मुळांना दोन-दोन, तीन-तीन फाटे, आणि निम्मी मधेच तुटली. यंदा काय बदलू?

खोल_वाफा: शेणखत हेच कारण. मुळाचं टोक ताज्या खताच्या गोळ्यापाशी पोचलं की तिथेच खुंटतं आणि बाजूने नवी टोकं निघतात. खडा लागला तरी तेच. मूळ ३० सेंमीपर्यंत खाली जातं, जाडी मात्र दोन-तीन सेंमीच, त्यामुळे वाफा ४० ते ५० सेंमी खोल भुसभुशीत हवा. खत आधीच्या पिकाला, म्हणजे कोबी-बटाट्याला घाला आणि पुढच्या वर्षी त्या जागी हे पेरा. चिकणमाती शरदातच खणून ठेवा, थंडीत ढेकळं आपोआप फुटतात. वर वाळू आणि पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मिसळून २०-२५ सेंमी उंच वरंबा करा.

बी दरवर्षी नवं घ्या. याची उगवणशक्ती फार लवकर जाते, जुनं पाकीट म्हणजे रिकामी ओळ. खोली २ सेंमी, दोन ओळींत ३० सेंमी, तीन-चार पानं आली की विरळणी करून ८-१० सेंमीवर एक रोप. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वरचा थर सुकू देऊ नका. ओळीत मधेमधे मुळ्याचे चार दाणे टाकले तर ओळ लवकर दिसते. हे गरजेचं आहे, कारण याची रोपं हुबेहूब गवतासारखी दिसतात आणि खुरपताना सहज उपटली जातात.

पिवळं_फूल: फुलांची काळजी नको. पेरणीनंतर कडक थंडी लागली की दांडे येतात. दांडा दिसताच कापा. झाड बहुवर्षायू आहे, त्यामुळे मूळ खाण्याजोगंच राहतं. बारीक राहिलेली मुळं आणखी एक वर्ष जमिनीत ठेवली तर जाड होतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी चुकवू नका, मूळ तेव्हाच भरतं. पानांवर पांढरे फोड आले तर ती बुरशी आहे, दाटी कमी करा आणि ती पानं काढून टाका. उंदरासारखी, जमिनीखालून मुळं कुरतडणारी व्यूलमाउस फिरत असेल तर वाफ्याच्या तळाशी बारीक तारेची जाळी हवीच.

चिकाचे_हात: वर ओढून काढायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. ओळीच्या एका बाजूला मुळाइतका खोल चर खणा, दुसऱ्या बाजूने खणायचा दातेरी काटा खोल घुसवा आणि मुळं मातीसकट चराकडे लोटा. तुटलेल्या मुळातून पांढरा चीक गळतो आणि ते सुकतं, त्यामुळे ते त्याच दिवशी शिजवा. अखंड मुळं ओल्या वाळूत टिकतात. त्याहून बरं म्हणजे वर पेंढा पसरून जमिनीतच ठेवणं. थंडीने काही होत नाही, मार्चपर्यंत लागतील तशी काढा.

सोलताना फणसाला करतो तसं हाताला आणि सुरीला तेल लावा. सोललेलं मूळ लगेच लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. किंवा सालासकट २०-२५ मिनिटं उकडा, गार पाण्यात साल बोटाने निघते. यात इन्युलिन (सहज न पचणारा तंतुमय पदार्थ) भरपूर असतं, पहिल्यांदा थोडंच खा, पोटात वायू धरतो.

बागेतली_माती: खूप आभार. तुटलेली टोकं जमिनीतच राहिलीत, ती कुजतील ना?

खोल_वाफा: सहसा नाही, त्यांना कोंब फुटतात. पण त्यातून वाकडीतिकडी, गुंतलेली मुळंच मिळतात. वसंतात कोंब दिसले की खणून काढा. कोवळी पानं सॅलडमध्ये चांगली लागतात.