प्रति: समितीचे कागद नकोत, परदेशात किडनी घ्यावी?

वर कुणीतरी लिहिलंय, "समितीच्या कागदांत माणूस जातो, त्यापेक्षा परदेशात जाऊन किडनी विकत घ्यावी." (समिती म्हणजे दाता स्वखुशीने किडनी देतोय ना, हे तपासून प्रत्यारोपणाला परवानगी देणारी.) नाही पटलं. आमच्या मामांना मामीने किडनी दिली, इथेच इंदूरला. परवानगीच्या मुलाखतीला आम्ही लग्नाचा अल्बमसुद्धा नेला होता. मामीला एकटीला बसवून, कॅमेऱ्यासमोर विचारलं, "कुणी दबाव टाकलाय का?" बाहेर येऊन ती भडकली, "नवऱ्याला देतेय, त्यात दबाव कसला!" पण हा प्रश्न तिच्यासाठी नव्हताच. घरच्यांनी ढकलत आणलेल्या एखाद्या सुनेसाठी होता.

अवयव विकणं-घेणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे; २०११च्या दुरुस्तीनंतर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड. परदेशी पेशंटला भारतीय दाता जवळचा नातेवाईक नसेल तर परवानगीच नाही. २००८चा जगभरातल्या डॉक्टरांचा इस्तंबूल जाहीरनामाही याच बाजाराविरुद्ध आहे.

आणि तिकडून किडनी घालून आलात, तर पुढे औषधं इथलाच डॉक्टर देणार ना? दात्याचे रिपोर्टच धड नसले तर त्याने काय बघून ठरवायचं?