रोखे काढा म्हणे! आणि हप्ते कोण भरणार?

खालची_आळी (धागाकर्ता):
काल इथे एकाने ऐटीत लिहिलं: छोट्या गावांनी अनुदानाच्या रांगेत उभं राहणं सोडावं, राज्य सरकारने सगळ्या नगरपरिषदांसाठी मिळून रोखे काढावेत, पाच वर्षांत नळ आणि रस्ते दोन्ही चकाचक. खाली ‘+१’ची रांग. तिथेच लिहिणार होतो, पण प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

अहो, रोखे म्हणजे कर्ज. १९९९ ला नगरपरिषदांची जकात गेली, बदल्यात सहायक अनुदान आलं. त्यात पगार भागतात, तेही तारखेला नाही. उरली घरपट्टी आणि नळपट्टी. नळपट्टीतून पंपाचं वीजबिलसुद्धा सुटत नाही. थकबाकीपायी पंपहाऊसची वीज तोडल्याच्या बातम्या काय कमी वाचतो आपण? पुण्याने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी विकले, शेअर बाजारात घंटा वाजवली, मान्य. पण पुण्याला ‘एए प्लस’ असा वरचा पतदर्जा मिळाला. आमच्या नगरपरिषदेची पत गावातला सिमेंटवाला ओळखून आहे: आधी रोख, मग पोती.

आणि रस्ते? रोख्यांची मुदत दहा-पंधरा वर्षं, आमच्याकडच्या डांबराची तीन पावसाळे. खड्ड्यांचे हप्ते भरायचे का?

निवृत्त_लेखापाल:
तावातावाने धागा काढलात, पण ‘मिळून’ हा शब्द वाचलाच नाहीत. एकेका गावाने बाजारात उभं राहायचंच नसतं. तामिळनाडूने २००२ च्या सुमारास तेरा-चौदा बारकी गावं एकत्र बांधून तीसेक कोटी उभे केले. कर्नाटकाने २००५ मध्ये बंगळुरूभोवतीच्या आठ गावांच्या पाण्यासाठी १०० कोटी. हप्ता चुकला तर राज्याकडून गावाला येणाऱ्या पैशातून परस्पर वळता.

अनुदान फुकट येतं हा भ्रमही सोडा. अमृत २.० या शहरी पाणी योजनेत एक लाख वस्तीच्या आतल्या गावासाठी केंद्राचा वाटा निम्माच. छोट्या शहरांसाठीच्या जुन्या यूआयडीएसएसएमटी योजनेत केंद्र, राज्य आणि गाव यांचा वाटा ८०-१०-१० होता, त्यातल्या शेवटच्या दहासाठी नगरपरिषदांची काय दमछाक व्हायची ते मी टेबलामागून पाहिलंय. स्वहिस्सा जमेपर्यंत डीएसआर (सरकारी दरसूची) बदलतो, अंदाजपत्रक फुगतं, पुन्हा तांत्रिक मान्यता. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठे आहे?

खालची_आळी:
‘परस्पर वळता’ म्हणजे सफाई कामगाराचा पगार कापून, हेही लिहा की. आणि तामिळनाडूच्या रोख्यांना अमेरिकी मदतसंस्थेने अर्ध्या मुद्दलाची हमी दिली होती, ते बरं सोयीस्कर विसरलात.

निवृत्त_लेखापाल:
होती हमी. मग आपल्या राज्याने द्यावी, कोणी हात धरलाय?

मोटारग्रस्त:
रोखे काढा नाहीतर लॉटरी काढा, आधी नळाला लावलेल्या मोटारी काढा!! आमचं लाइनीतलं शेवटचं घर. पाणी आठव्या दिवशी, तेही रात्री दोनला. नळातून आधी फुस्स हवा, मग करंगळीएवढी धार. शेजारची मोटर घुंई करून चालू झाली की तीही बंद. तोटीला तळहात लावला तर आत ओढतो नळ! नवी पाइपलाइन टाका, ती मोटारवाल्यांच्याच टाकीत जाणार.

दुसरा_मजला:
मी लावतो मोटर. दुसऱ्या मजल्यावर पाणी काय मंत्र म्हणून चढवू? गल्लीत सगळे लावतात. मी एकट्याने हरिश्चंद्र व्हायचं आणि टँकर विकत घ्यायचा?

मोटारग्रस्त:
धन्य आहात. खाली हौद बांधा, त्यातून चढवा की! थेट नळाला लावता तेव्हा फुटक्या सांध्यातून गटारही ओढून घेता. आमच्या आळीत कावीळ फिरली ती काय अमेरिकेहून आली?

दुसरा_मजला:
कावीळ माझ्या अर्ध्या एचपीने झाली म्हणता? गटारातून पाइप नेणाऱ्या ठेकेदाराला विचारा ना, तिथे वाचा बसते. भाडेकरूने हौद कुठे बांधायचा, जिन्यात?

मीटरवाली:
दोघेही थांबा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी सुरू केलं त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापराला चढा दर. दाब कायम असला की मोटर लावून मिळवणार काय? तेव्हा रोखे घ्या, पण मीटरसकट. मीटर नाही तर छदाम नाही.

उसाखाली_धरण:
आलं मलकापूर! या विषयावर हे एकच गाव सापडतं लोकांना. कोयना उशाला आहे हो त्यांच्या. मराठवाड्यात या. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मीटरमधून काय मोजू, हवा? आमच्याकडे पहिला प्रश्न उद्भवाचा, म्हणजे पाणी आणायचं कुठून. तळ्यात पाणी नसेल तर सोन्याचे पाइप टाका.

मीटरवाली:
बरं बाई, जिथे पाणीच नाही तिथे मीटर नको. खूश? पण म्हणून जिथे आहे तिथेही नको हे कुठलं शास्त्र? आणि मीटर बसवायचे म्हटलं की पहिला मोर्चा येतो तो हौद, बोअर, गाड्या धुणारे सगळं असलेल्यांचा. आमच्या वॉर्डात बघितलंय.

दुसरा_मजला:
मीटर बसवा, मी पहिला बिल भरतो. पण २४ तास पाणी आधी, मीटर नंतर.

मोटारग्रस्त:
आधी मोटर काढा, मग बोला.

निवृत्त_लेखापाल:
मूळ विषय रोखे होता, कोणाला आठवतो का? असो. रस्त्यांबद्दल धागाकर्ते बरोबर आहेत, नाइलाजाने लिहितोय. नळाला बिल लावता येतं, रस्त्याला नाही. रोख्यांत फक्त पाणी ठेवा. शिवाय पाइप आधी पडले तर नवा रस्ता उकरायचं पुण्यही वाचेल.

खालची_आळी:
म्हणजे माझ्या अर्ध्या धाग्याला मान्यता मिळाली, पेढे वाटतो! उरलेला अर्धा: सही कोण करणार? २०२५ च्या डिसेंबरात निवडणुका लागेपर्यंत बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. असा एखादा साहेब पंधरा वर्षांच्या कर्जावर सही करून बदलून गेला तर विचारायचं कोणाला? नव्या सभागृहात ठराव, वॉर्डसभेत नळपट्टीचा नवा दर जाहीर, पाण्याचा उद्भव पक्का, एवढं झालं तर काढा तुमचे रोखे. यादीत एक जरी पेव्हर ब्लॉक दिसला तर परत धागा काढीन. आणि मोटारवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

मोटारग्रस्त:
का म्हणून? पाण्याचा धागा आहे ना? त्या भाडेकरूसाहेबांनी हौदाचं उत्तर अजून दिलेलं नाही.