संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी: मराठवाड्यातील पालकांचे अनुभव

कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिक वर्ग (ग्रामीण भागात पहिली ते चौथी, शहरांत पहिली ते सातवी) १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्यास राज्य शासनाने परवानगी दिली. उपस्थितीची सक्ती नव्हती, मात्र पालकांची लेखी संमती आवश्यक होती. तो निर्णय आपण कसा घेतला, हे पालकांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

आई, लातूर शहर

मुलीचे नाव पहिलीत घातले ते जून २०२० मध्ये, आणि वर्ग पाहण्याची वेळ आली तेव्हा ती दुसरीत होती. ओमायक्रॉनचे नाव जाहीर होऊन आठवडाही झाला नव्हता. घरात दम्याचे रुग्ण असलेले सासरे. संमतीपत्रातील ‘माझ्या जबाबदारीवर’ हे शब्द वाचून मी पेन खाली ठेवले आणि आधी शाळेत जाऊन नळ पाहिले. ज्या शहराने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी वापरले, तेथील माणूस हात धुण्याची सूचना वाचली की आधी पाण्याचे विचारतो. दोन नळ कोरडे होते. ते सुरू झाल्यावर, आठवडाभराने, मी सही केली. वर्गात बाई मास्क लावून आल्या, त्यामुळे मोबाइलवर रोज पाहिलेला त्यांचा चेहरा मुलीने ओळखलाच नाही. हजेरी सुरू झाल्यावर आवाजावरून तिला खूण पटली.

चुलता, धारूर तालुका, जिल्हा बीड

आमच्याकडे प्रश्न सहीचा नव्हता, मूल गावात असण्याचा होता. भाऊ आणि भावजय ऊसतोडीला जातात. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे दसऱ्यानंतर टोळी निघाली की घरी थांबणे त्यांच्या हातात उरत नाही. एरवी मुले हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी गावातच केलेल्या सोयीच्या, आधाराने गावात राहत. पण ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचेच वर्ग उघडले, म्हणून सहावीतील पुतणी आमच्याकडे राहिली आणि तिसरीतील पुतण्या आईवडिलांबरोबर सांगली जिल्ह्यातील फडावर गेला. एका घरातील दोन भावंडांची ताटातूट अशी इयत्तेवरून झाली. डिसेंबरमध्ये त्याचे वर्ग उघडले तेव्हा एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालू होता. त्याला आणावे की हंगाम संपेपर्यंत तेथेच ठेवावे, यावर आमचे फोनवर तीन दिवस बोलणे झाले. भावजयीला आमच्या वृद्ध आईची काळजी होती, आईला नातवाची. शेवटी दोन जीप बदलून मी त्याला घेऊन आलो. संमतीपत्र मी भावाला फोनवर वाचून दाखवले आणि गुरुजींनी माझी सही चालवून घेतली. पोराच्या तळहातांवर उसाच्या पाचटाने चिरा पडल्या होत्या. हातच्याची बेरीज तो पार विसरला होता, मात्र वडिलांनी दिवसभरात किती मोळ्या बांधल्या, हे तो न चुकता सांगत असे.

वडील, परभणी

आम्ही पाठवले नाही. लहान मुलांसाठी लस नव्हती, एवढे एकच कारण होते. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा आपलेच बरोबर ठरल्यासारखे वाटले. २४ जानेवारीपासून त्या परत उघडू लागल्या, तेव्हा मुलगाच दप्तर भरून बसला आणि माझे काही चालले नाही.

शिक्षिका आणि पालक, जिल्हा हिंगोली

धारूरच्या पालकांनी लिहिलेली पाचवीची अट मी दुसऱ्या बाजूने पाहिली. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवीची. ऑक्टोबरमध्ये वरचे तीन वर्ग, एका बाकावर एक विद्यार्थी, असे भरू लागले आणि माझी चौथीतील मुलगी घरी राहिली. तसे ती आणि तिच्या मैत्रिणी घरी कुठे राहत होत्या! शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर त्या ओळीने बसत आणि आत पाढे सुरू झाले की बाहेरून त्याच चालीत म्हणत. मी त्यांना दोनदा हाकलले. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडी ठेवली आणि पाढे जरा मोठ्याने घेतले.