मदत हवी आहे: प्रेशर ड्रॉप जुळतो, बुडबुडे जुळत नाहीत. सिम्युलेशन पडताळायचं कशावर?

नमस्कार मंडळी. केमिकलमधून एम.टेक. करतोय, शेवटचं वर्ष. फ्लुइडाइज्ड बेडचं (खालून हवा सोडून तरंगवलेला मण्यांचा थर) टू-फ्लुइड मॉडेल, म्हणजे हवा आणि मणी दोन्ही एकमेकांत मिसळलेले द्रव धरणारं, एमफिक्स या सॉफ्टवेअरमध्ये चालवलंय आणि ते आमच्या लॅबमधल्या अ‍ॅक्रिलिकच्या चपट्या कॉलमवर पडताळायचंय. तिथेच अडलोय.

कॉलम २० सेंमी रुंद, अडीच सेंमी जाड. आत २५० ते ३०० मायक्रॉनचे काचेचे मणी (गेल्डार्टच्या कण-वर्गीकरणातला बी गट), ४० सेंमीपर्यंत भरलेले. हवेचा वेग सेकंदाला ६ सेंमीच्या आसपास गेला की थर सुटतो. मोजमापं सेकंदाला २० सेंमी वेगाला घेतली.

प्रेशर ड्रॉप (थराच्या खाली आणि वर हवेच्या दाबात पडणारा फरक) प्रयोगात ५.८ किलोपास्कल, सिम्युलेशनमध्ये ५.९. ड्रॅगसाठी (हवा मण्यांना ओढते ते बळ) गिडास्पोचं सूत्र घ्या नाहीतर सायमलाल-ओब्रायनचं, आकडा हलत नाही. सर म्हणाले, झालं व्हॅलिडेशन, लिहायला घे. पण परवा वहीत सहज गुणाकार केला, मण्यांचा आकारमानातला वाटा × काचेची घनता × गुरुत्व × थराची उंची: ०.६ × २५०० × ९.८१ × ०.४ = ५८८६ पास्कल. हे तर नुसतं मण्यांचं वजन! थर एकदा तरंगला की हवेला तेवढंच पेलायचं असतं, ड्रॅगचं सूत्र कुठलंही असो. मग या आकड्याच्या जोरावर मॉडेल बरोबर आहे असं कुठल्या तोंडाने लिहू?

दाबाच्या चढउताराची मुख्य फ्रिक्वेन्सी प्रयोगात अडीच हर्ट्झ, सिम्युलेशनमध्ये जवळजवळ चार. व्हिडिओत बुडबुडा जाळीपासून फुगत फुगत अर्ध्या कॉलमएवढा होतो, वर फुटला की मणी भिंतीवर उडतात आणि काही तिथेच चिकटून राहतात. सिम्युलेशनमधले बुडबुडे लहान आणि घाईत.

मेश (हिशेबाच्या चौकटी) ५ मिमीवरून अडीचवर आणली, रेस्टिट्यूशन गुणांक (मणी आपटल्यावर किती उसळतो) ०.९चा ०.९५ केला, पहिले ५ सेकंद सोडून पुढच्या २० सेकंदांवर हिशेब केला. फारसा फरक नाही.

संशय दोन. सिम्युलेशन टूडी आहे, म्हणजे पुढची-मागची भिंतच नाही, आणि इतक्या चपट्या कॉलममध्ये तिचं घर्षण सोडून कसं चालेल? दुसरं, तळाशी मी हवेचा वेग कायम धरलाय. खऱ्या कॉलममध्ये जाळीखाली हवेची पेटी आहे आणि बेडबरोबर तिच्यातला दाबही हलतो. थ्रीडी रनला आमच्या मशीनवर आठवडा जातो, म्हणून विचारतो: आधी पेटी घालू की थ्रीडी करू?

आणखी एक. सायमलाल-ओब्रायनचे स्थिरांक मी मोजलेल्या किमान फ्लुइडायझेशन वेगावरूनच (थर सुटतो तो वेग) बसवलेत. तोच वेग पडताळणीत दाखवणं मला पटत नाही. बुडबुड्यांचा व्यास दाखवायचा तर सिम्युलेशनमध्ये व्हॉइडेज (हवेचा आकारमानातला वाटा) ०.८च्या वर बुडबुडा धरलाय. व्हिडिओत त्याच्याशी जुळणारी कड कशी ठरवता? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.