शाळेनंतरच्या शिक्षणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम : क्षेत्रकार्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

सस्नेह नमस्कार. सत्तरी तालुक्यातील आमच्या गावात मी प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी दुपारचा वर्ग चालवते. गोव्यात बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात आणि आईवडील कामावरून परतेपर्यंतची सारी दुपार मुलांना रिकामी असते. तो वेळ केवळ गृहपाठात न संपता वाचन, खेळ आणि हस्तकलेत जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. म्हणूनच या विषयातील विद्यापीठीय प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेत आहे.

प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) साधारण ३० तास धरले जातात, त्यामुळे चार श्रेयांकांचे क्षेत्रकार्य (प्रत्यक्ष मुलांसोबतचे काम) म्हणजे १२० तास होतात. हे तास माझ्याच वर्गात भरलेले चालतात, की पर्यवेक्षक असलेल्या दुसऱ्या केंद्रात जावेच लागते? माझ्या मते निदान काही भाग अनुभवी ताईंच्या हाताखाली व्हायला हवा, कारण आपल्या शिकवण्यातले दोष आपल्याला दिसत नाहीत. परंतु सत्तरीतल्या वाळपईहून रोज पणजी गाठणे मला शक्य नाही.

निरीक्षणवही मराठीत लिहिलेली स्वीकारतात का? मुलांची नावे व छायाचित्रे अहवालात घेताना, विशेषतः गोवा बाल कायदा २००३ लक्षात घेता, पालकांची लेखी संमती कोणत्या स्वरूपात घ्यावी? ज्यांनी असे क्षेत्रकार्य पूर्ण केले आहे, त्यांनी संमतीपत्राचा नमुना दाखवल्यास मी आभारी राहीन.