शब्दचर्चा : ‘मोकळ्या मनाने ऐका’ आणि ‘प्रकाश परावर्तित करा’

खिळेजुळारी
मंडळी, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करतो. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी त्यांच्या चर्चमधल्या शास्त्रवाचनाचं पत्रक छापायला दिलंय. मथळ्याचं वाक्य असं : ‘मोकळ्या मनाने शास्त्र ऐका आणि देवाचा प्रकाश परावर्तित करा.’ व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखन चोख, तरी वाचताना दोन ठिकाणी ठेच लागते. बाई म्हणाल्या, ‘अर्थ हलणार नसेल तर बदला, पण का बदललं ते मला सांगायचं.’ शिक्षिका त्या, कारण विचारणारच. तर ‘परावर्तित’ला काय म्हणावं? आणि ‘मोकळ्या मनाने’ कोणी ऐकतं का?

रंकाळाकाठ
‘परावर्तित’ वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे आपाती किरण, स्तंभिका आणि परावर्तन कोन उभे राहतात. शब्द चांगला आहे, पण तो विज्ञानाच्या पुस्तकात बसलाय आणि तिथून उठायला तयार नाही. ‘प्रकाश पाडा’, ‘उजेड पाडा’ असं काही साधं होईल का?

लाल_माती
उजेड पाडा तेवढं नका लिवू राव! आमच्यात निकाल लागला की म्हातारं म्हणतंय, ‘लई उजेड पाडलास!’ आन ‘दिवं लावलं’ तर त्याच्याबी म्होरं. पत्रक वाचून लोक हसत सुटतील की.

खिळेजुळारी
हे खरंय. मराठीत उजेडाचे वाक्प्रचार निम्मे उपरोधाला दिलेले आहेत. उजेड पाडणे, दिवे लावणे, वर ‘दिवटे चिरंजीव’. कुळाचा दिवा आणि कुळाचा दिवटा यांच्यात अंतर फार नाही.

अवधान
आधी ‘मोकळ्या मनाने’कडे बघू. माझ्या मते मूळ गोंधळ तिथेच आहे.

मराठीत मन मोकळं असतं ते बोलणाऱ्याचं. ‘मन मोकळं केलं’ म्हणजे साठलेलं बोलून टाकलं. ‘मनमोकळा माणूस’ म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणारा. ‘मोकळ्या मनाने सांगा’ हे कुणीही म्हणेल. ‘मोकळ्या मनाने ऐका’ हे हल्ली चर्चासत्रांतून कानावर येतं, आणि तिथे त्याचा अर्थ ‘आधीच मत बनवून येऊ नका’ एवढाच असतो. शास्त्र ऐकायला बसलेल्याकडून त्याहून जास्त काही मागायचं असतं.

ऐकणाऱ्यासाठी आपल्याकडे जे आहे ते बहुतेक ‘देणे’ आणि ‘लावणे’ या क्रियापदांचं आहे. कान देणे, चित्त देणे, लक्ष देणे, मन लावणे. त्याच्याही वरची पायरी म्हणजे प्राण कानात आणून ऐकणे. म्हणजे ऐकणारा रिकामा बसून राहत नाही, स्वतःजवळचं काहीतरी पुढे करतो. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी घ्या :

तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे ।

इथेही अवधान द्यायचंच आहे. आणि पहिल्या अध्यायात, चकोराची पिलं चांदण्यातले अमृतकण कशी वेचतात ते सांगून झाल्यावर माउली म्हणतात :

तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा । अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥

‘हळुवारपण चित्ता आणून’. बाईंना जे म्हणायचंय ते हेच असावं. मोकळेपणात दार उघडं असतं, आत कोण आहे ते कळत नाही. हळुवारपणात आतला माणूस जागा असतो आणि येणाऱ्या शब्दाला धक्का लागणार नाही अशा बेताने बसलेला असतो. मला विचाराल तर ‘हळुवार’ या शब्दाला आपण फार लवकर प्रेमगीतांच्या हवाली केलं.

रंकाळाकाठ
ओवी सुंदर. पण पत्रक चर्चचं आहे हो. तिथे ज्ञानेश्वरी आणून बाईंची अडचण कशाला वाढवायची?

वचनपाठ
अडचण कसली? फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं ते ओवीत, छापलं गेलं १६१६ मध्ये. ना. वा. टिळकांची पदं आम्ही उपासनेत आजही म्हणतो. मराठी मंडळीला ओवी-अभंग परके नाहीत. (‘मंडळी’ म्हणजे आमच्याकडे चर्चमधला समाज. इथे सगळे ‘मंडळी’ अशी हाक मारतात तेव्हा मला दरवेळी वाटतं, आता उभं राहून गीत म्हणायचंय.)

पण मुद्दा मान्य, आधी शास्त्राचीच मराठी बघावी. घरात सगळीकडे असतं त्या मराठी बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. फिलिप्पै नगरात नदीकाठी काही स्त्रिया जमल्यात, त्यांत लुदिया नावाची जांभळी वस्त्रं विकणारी बाई आहे. ती प्रेषित पौलाचं बोलणं ऐकते. मूळ ग्रीकमध्ये प्रभूने तिचं अंतःकरण ‘उघडलं’ असं आहे. मराठीत काय आहे ठाऊक आहे? ‘तिचे अंतःकरण प्रभूने असे प्रफुल्लित केले की’ तिने पौलाच्या सांगण्याकडे लक्ष दिलं. ‘प्रफुल्लित’! आज आपण हा शब्द ‘आनंदी’ या अर्थी वापरतो, पण मुळात तो फुलाचा, उमलण्याचा. ज्याने हा शब्द इथे ठेवला त्याला ‘अंतःकरणाचं दार उघडलं’ असं सरळ लिहिता आलं असतं. त्याने उमलवलं. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकतोय आणि अजून त्यावर थांबतो.

आणखी एक. तिथे उमलवणारा प्रभू आहे, लुदिया स्वतः नाही. तिच्या वाट्याला ऐकणं आणि लक्ष देणं.

लाल_माती
आन ‘ऐकणे’चा दुसरा अर्थ कुणी धरंना झालाय. ‘पोरगं ऐकत न्हाई’ म्हणजे काय भैरं हाय व्हय ते? सांगिटलेलं करत न्हाई.

अवधान
वा! हे राहूनच गेलं होतं. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे कानाने घेणे आणि ‘ऐकणे’ म्हणजे मानणे. हिब्रू ‘शमा’ची गत अशीच आहे. ‘हे इस्राएला, श्रवण कर’ या आज्ञेत ‘ऐक’ आणि ‘त्याप्रमाणे वाग’ दोन्ही आहेत. मराठी बायबलने तिथे ‘श्रवण कर’ घेतलं, भारदस्त वाटतं म्हणून असेल. पण ‘श्रवण’ने दुसरा अर्थ गेला. ‘ऐक’ म्हटलं असतं तर दोन्ही राहिले असते.

उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो त्यात ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’ (ऐकावं, मनन करावं, ध्यास घ्यावा) अशा पायऱ्या वेगवेगळ्या काढल्यात, कारण संस्कृत ‘श्रवण’ एकट्याने एवढं ओझं उचलत नाही. आपलं घरगुती ‘ऐकणे’ उचलतं.

शुक्रवारपेठ
आमच्या जैन समाजात तर माणसाचं नावच ऐकण्यावरून पडलंय. ‘श्रावक’ म्हणजे ऐकणारा. चातुर्मासात प्रवचनाला कोण बसतं, तर श्रावक-श्राविका. गृहस्थ कुठल्या गुणावरून ओळखावा, तर ऐकतो यावरून. हे मला फार आवडतं. तीर्थंकरांच्या समवसरणात, म्हणजे उपदेशाच्या सभेत, दिव्यध्वनी होतो आणि तिथला प्रत्येक जीव, पशुपक्षीसुद्धा, तो आपापल्या भाषेत समजून घेतो असं सांगतात. अनुवादाच्या चर्चेत एवढं सांगून ठेवतो.

खिळेजुळारी
‘मोकळ्या मनाने’ काढतो मग. आता ‘प्रकाश परावर्तित करा’?

वचनपाठ
हे वाक्य करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून आलंय, माझी खात्री आहे. तिथे पौल म्हणतो, तोंडावर आच्छादन नसलेले आपण सर्व जण आरशाप्रमाणे प्रभूच्या वैभवाचं प्रतिबिंब पाडतो आहोत. गंमत म्हणजे मूळ ग्रीक क्रियापद ‘कातोप्त्रिझोमाय’ हे ‘आरसा’ या शब्दापासूनच बनलंय, आणि त्याचे दोन अर्थ होतात : आरशात पाहणे, किंवा आरशासारखं प्रतिबिंब पाडणे. जगभरातल्या अनुवादांत दोन तट आहेत. काही म्हणतात आपण वैभव पाहतो, काही म्हणतात आपण ते दाखवतो. मराठीने ‘प्रतिबिंब पाडणे’ घेतलं.

आच्छादनाचा संदर्भ बायबलमधल्याच निर्गम पुस्तकाच्या ३४ व्या अध्यायातला. मोशे सीनाय पर्वतावरून दोन पाट्या घेऊन खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा झळकत असतो, लोक जवळ यायला घाबरतात, मग तो तोंडावर आच्छादन घेतो. त्या हिब्रू क्रियापदाचा संबंध ‘केरेन’शी, म्हणजे शिंगाशी आहे. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने तिथे सरळ ‘शिंगं असलेला’ असंच केलं, आणि रोममधल्या मायकेलअँजेलोच्या मोशेला आजही डोक्यावर दोन शिंगं आहेत. मुद्रितशोधकांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

पण आपल्या कामाची ओळ पुढची आहे. चेहरा झळकत होता याचं मोशेला भानच नव्हतं! मग ‘परावर्तित करा’ अशी आज्ञा कशी देणार?

पितळी_उंबरा
इथे कोल्हापूरकराने अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवाकडे बघावं. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, पितळी उंबरा ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोहोचतात. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. या दोन्ही वेळा सूर्य जवळजवळ त्याच जागी मावळतो. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. त्या दिवसांतल्या बातम्या आठवा. ‘किरणांनी चरणस्पर्श केला’, ‘किरणे कमरेपर्यंत पोहोचली’, ‘ढगांमुळे किरणे लुप्त झाली’. सगळीकडे कर्ता किरण. आपल्या हातात काय, तर वाट मोकळी ठेवणं. पश्चिमेकडच्या बांधकामांचा अडथळा होतो, हवेत धूळ आणि दमटपणा असतो, त्यावर दरवर्षी बोललं जातं ते यासाठीच. तुमचं ‘मोकळं’ हे विशेषण तिथे शोभतं, वाटेला. मनाला लावायचं असेल तर त्या अर्थानं लावा.

रंकाळाकाठ
आता अंबाबाईही आली पत्रकात.

पितळी_उंबरा
पत्रकात नाही हो, क्रियापदात. ‘पडणे’, ‘पोहोचणे’, ‘उमटणे’ ही क्रियापदं कुठल्या देवस्थानच्या मालकीची नाहीत.

अवधान
मला हा धागा इथेच सुटताना दिसतोय. मराठीत प्रकाश पडतो, उमटतो, फाकतो, झळकतो. करतो आपण ते ऐकणं : कान देतो, अवधान देतो. पत्रकातल्या वाक्यात ऐकण्याच्या बाजूला नुसता ऐसपैसपणा आहे, आणि हुकूम सोडलाय तो प्रकाशाच्या बाजूला. तो इकडून तिकडे हलवला की झालं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातही प्रकाश ‘पडू द्या’ असंच आहे ना, वचनपाठ?

वचनपाठ
हो. दिवा लावून मापाखाली ठेवत नाहीत तर दिवठणीवर ठेवतात, आणि मग तुमचा प्रकाश लोकांसमोर ‘पडू द्यावा’. ‘पाडा’ नाही. लाल माती भाऊ, तुमचं म्हातारं बरोबरच होतं.

कट्टेकरी
उशिरा आलो. प्रकाशावरून आठवलं, ‘नूर’ अरबीत प्रकाश, तोही ईश्वरी प्रकाश. मराठीत येऊन झाला चेहऱ्यावरचा भाव, आणि मग ‘सभेचा नूर पालटला’. म्हणजे चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशाचा पत्ता मराठीला लागला होता, पुढे तो रागरंगात विरघळला. चालू द्या.

शुक्रवारपेठ
‘प्रतिबिंब’बद्दल माझा एक आक्षेप नोंदवून घ्या. प्रतिबिंब पडतं तेव्हा आरसा बदलत नाही. समोरचं हललं की आरसा कोरा. त्यापेक्षा ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो तिथे आहे ते बघा : ‘ये हृदयींचें ते हृदयीं घातलें’, आणि लगेच ‘दीपें दीप लाविला’. दुसरा दिवा स्वतः जळायला लागतो. ऐकण्याचा परिणाम एवढा व्हायला हवा.

वचनपाठ
पौल त्याच वाक्यात पुढे ‘रूपांतर’ म्हणतो, म्हणजे त्याचा आरसा बदलतो. पण दिव्याचं तुमचं म्हणणं मराठीला जास्त मानवतं, हे कबूल.

खिळेजुळारी
बाईंना तीन मसुदे दाखवले.

‘मन लावून वचन ऐका, त्याचा प्रकाश तुमच्या वागण्यातून पडू द्या.’
‘हळुवार चित्ताने वचन ऐका, त्याचे तेज आपोआप झळकेल.’
‘अंतःकरण देऊन वचन ऐका, त्याचा प्रकाश तुमच्यावरून इतरांवर पडो.’

पहिला त्यांनी जागीच खोडला. म्हणाल्या, ‘मन लावून ऐका हे मी जन्मभर वर्गात ओरडले आहे, आता पत्रकात नको.’ दुसऱ्यातलं ‘आपोआप’ त्यांना पटलं नाही, ‘आपोआप काही होत नाही’. ‘हळुवार’ मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. तिसरा घेतला, ‘पडो’चं ‘पडू द्या’ करून. ‘वचन’ ठेवायला लगेच तयार झाल्या, ‘शास्त्र’ म्हटलं की पोरांना विज्ञान शाखा वाटते म्हणाल्या. ‘परावर्तित’ का काढलं ते सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘तुम्हाला स्तंभिका आठवते का अजून?’ विज्ञान शिकवायच्या त्या!

आता शेवटचं. खाली मत्तयातलं वचन घालायचंय आणि शेजारी दिवठणीचं चित्र. आमच्या डिझाइनवाल्याने समई टाकलीय. चालेल का?

वचनपाठ
दिवठणी म्हणजे दिवा ठेवायची उंच जागा किंवा बैठक, तिच्यावर दिवा वेगळा ठेवतात. समईत दिवा आणि खांब एकच. वचनात आधी दिवा लावलाय आणि मग तो उचलून दिवठणीवर ठेवलाय. समई कशी उचलून ठेवणार?

लाल_माती
आमच्या जुन्या घरात भित्तीत दिवळी हाय, कोनाडा. तिचा फोटू पाठवू का? काजळी तेवढी लई बसलीया.

खिळेजुळारी
पाठवा. काजळी पुसू नका, छपाईत चांगली येते.